सोल्यूशनची दुसरी रेघ

"ज्या कुणा शहाण्यानं हे चिकटवलंय ना, तो एकदा माझ्या हाती लागू दे!" पहिलवान ओरडली, एक पाय गाडीच्या दाराला लावला आणि पुन्हा जोर केला. दाराच्या आतलं अस्तर टरकन फाटलं. अर्धं तिच्या हातात आलं, अर्धं दाराला तसंच बिलगून राहिलं.

जुन्या गाड्या खोलण्याच्या त्या आवारात सगळे तिला पहिलवानच म्हणत. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी.

"शहाणा कुणी नाही हो," मागून एक किडकिडीत बाई हळूच म्हणाली. "आम्हीच. आमच्या शेडमध्ये चिकटवलंय ते."

पहिलवाननं वळून पाहिलं. बाईशेजारी गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे साहेब उभे होते, गालातल्या गालात हसत.

"या वहिनी," साहेबांनी ओळख करून दिली. "या गाडीची सगळी अस्तरं यांच्याकडची."

"असं काय घालता हो त्यात?"

"सोल्यूशनच्या दोन रेघा मारतो. कंपनीनं एकच सांगितली होती."

"मग दुसरी कुणी सांगितली?"

"दुसरी आमच्या मनाची."

"तुमच्या मनापायी माझे खांदे गेले की!" पहिलवान खदखदून हसली आणि वहिनींना बसायला गाडीचं एक सुटं सीट पुढं ढकललं.

ती दुसरी रेघ वहिनींच्या नवऱ्याची. शेड नवी होती तेव्हा पहिला माल गेला आणि भर उन्हाळ्यात अस्तरं दारांवरून सुटून दमलेल्या जनावराच्या जिभेसारखी लोंबायला लागली. सगळा माल परत आला. दुसऱ्या कुणी दार लावून घेतलं असतं. हे साहेब मात्र शेडवर आले, बाह्या सरसावून फरशीवर बसले आणि ब्रश कसा धरायचा, सोल्यूशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत कसं थांबायचं, ते सगळं शिकवलं. चहा तिथंच, जेवण तिथंच. काम जमलं त्या दिवशी नवरा म्हणाला, "या माणसाची मान खाली जाईल असं आपल्या हातून आता काही जायचं नाही." आणि त्यानं दुसरी रेघ ओढली. त्यानंतर एकही अस्तर परत आलं नाही. पुढं नवराच गेला. रेघ राहिली.

आता तीच आडवी आली होती. कंपनीची नवी गाडी येणार होती, आणि म्हातारी झाल्यावर तिचं अस्तर अख्खं निघायला हवं होतं. कापड वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. दोन्ही वितळून पुन्हा गाडीतच जाणार. सोल्यूशननं माखलेला फाटका तुकडा कुणाच्याच कामाचा नव्हता. आठवड्यानं चाचणी. ओढणार पहिलवान. अख्खं निघालं तर काम वहिनींचं. फाटलं तर मोठ्या कारखान्याचं, आणि शेडला कुलूप.

"मला सांगा, मी हात कुठं घालू?" पहिलवाननं दुसऱ्या गाडीचं दार दाखवलं. "धरायला काही ठेवलंय का तुम्ही? पोराला ओढायचं तर निदान कान असतो. याला एक कान ठेवा!"

वहिनींनी तिथल्या तिथं खडूनं दारावर कान काढला. पहिलवाननं तो पुसला. "अजून खाली. पाठ वाकते माझी." मग तिनं स्वतः काढला.

शेडवर धाकटे दीर ऐकून घेईनात.

"वहिनी, दादाची रेघ काढून टाकायची?"

"काढून टाकायची. नुसत्या क्लिपा लावू, आणि खाली एक कान."

"तो असता तर?"

"तो असता तर त्या बाईचे खांदे बघून त्यानंच काढून टाकली असती." वहिनी थांबल्या. "भाऊजी, गाडी चालावी म्हणून ती रेघ होती. गाड्या चालल्या. कुणाच्या मांडीवर अस्तर पडलं नाही. अजून काय मागायचं तिच्याकडून?"

दुसऱ्या दिवशी साचा घेऊन दीरच बसले, आणि क्लिप मोडली की स्वतःशीच पुटपुटत पुन्हा नवी घडवत राहिले.

चाचणीच्या दिवशी नवं अस्तर लावलेलं दार आवाराच्या मधोमध उभं केलं. आधी खडबडीत वाटेवर गाडी हलते तसं ते यंत्रावर गदागदा हलवलं. अस्तर जागचं हललं नाही. मग पहिलवान पुढं आली. सवयीनं तिनं पाय दाराला लावला, कान धरला आणि सगळी ताकद लावून ओढलं.

टक, टक, टक. क्लिपा बटणांसारख्या सुटल्या आणि पहिलवान अस्तरासकट धपकन मागं बसली.



"अहो, सांगायचं तरी!" ती खालूनच ओरडली. "मी तर घरची भांडणंसुद्धा याच्यात ओतली होती!"

हशा झाला. साहेबांनी अस्तर उलटसुलट करून पाहिलं. कुठं चीर नव्हती. "वहिनी, काम तुमचं."

वहिनी पुढं आल्या. "साहेब, तेव्हा तुम्ही फरशीवर बसला नसता तर..."

"तेव्हा गुडघे होते," साहेब म्हणाले, आणि नजर दुसरीकडे वळवली.

वहिनी मग पहिलवानकडे गेल्या, तिचा हात धरून तिला उठवलं. हात सोडवेना. "ताई, तुम्ही रागावलात म्हणून आमचं भलं झालं."

"मग रोज रागावते की!"

दीर हसण्यात नव्हते. ते पलीकडे, फाटलेल्या अस्तराच्या त्या जुन्या दाराशी पातं घेऊन बसले होते आणि उरलेला अर्धा तुकडा हलक्या हातानं सोडवत होते. जरा वेळानं त्यांनी हाक मारली, "वहिनी, इकडं या."

तुकड्याच्या मागं, कोपऱ्यात, वाळलेल्या सोल्यूशनमध्ये अंगठा उमटला होता. रुंद, एका बाजूला झुकलेला. शेवटचा कोपरा कुणीतरी दाबून बसवला होता, आणि कोण, ते दोघांनाही सांगावं लागलं नाही.

पहिलवानही जवळ आली. तिनं आवाज खाली आणला. "घरी न्या. मी कुणाला सांगत नाही."

वहिनींनी तुकडा हातात घेतला. बाहीनं त्यावरची धूळ पुसली, अंगठ्याच्या रेघेरेघेतली. बराच वेळ पुसत राहिल्या. मग भंगाराच्या ढिगापाशी गेल्या आणि अंगठा वर येईल असा तो अलगद ठेवला.