नऊ मीटरनंतर सावकाश

आमचा धंदा थोडक्यात सांगता येतो. समुद्रातल्या बांधकामाला पाया म्हणून दुमजली घराहून उंच लोखंडी डबा उपडा करून तळाशी ठेवायचा. तळाची चिकणमाती मऊ, त्यामुळे स्वतःच्या वजनानेच तो बराचसा आत रुततो. मग आतलं पाणी पंपाने ओढून घ्यायचं, म्हणजे वरचा समुद्र त्याला खाली दाबतो. पंप मी चालवतो. "पगार तू घेतोस, काम समुद्र करतो," असं बायको म्हणायची.

ती माती तपासायची. या जागेचा अहवाल तिचाच, शेवटचा. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तिने तो पुरा केला. मी म्हटलं, आता पुरे. "चार ओळी राहिल्यात," ती म्हणाली. त्यातली एक अशी: नऊ मीटरनंतर सावकाश, पंपाची ओढ वाढवल्यास आतली माती वर उचलली जाईल आणि डबा पुरा बसणार नाही.

तिला जाऊन चार महिने झाले होते.

डबा नऊ मीटर गेला तेव्हा साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. संध्याकाळी वारा सुटणार होता. त्याआधी त्यांना जहाज मोकळं करायचं होतं.

"ओढ वाढव."

"अहवालात सावकाश लिहिलंय, साहेब."

"अहवाल लिहिणारे घरी मजेत बसलेले असतात." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे, वहिनींबद्दल नाही म्हणत मी."

"कळलं."

"तरी वाढव."

मी वाढवली. साहेबांना नाही म्हणायची मला सवय नाही. शेवटच्या आठवड्यात तिला बहिणीवर सोपवून बोटीवर आलो, तेही याच सवयीने.

पाऊण मीटर बाकी असताना डबा अडला. आतली माती झाकणाला टेकली होती. पंप नुसता गुरगुरत राहिला.

साहेबांनी कामाच्या नोंदीचा फॉर्म ओढला आणि सराईत हाताने कारण लिहिलं: माती अहवालापेक्षा घट्ट निघाली.

"सही कर. यात कुणाचंच नुकसान नाही."

"तिचा अहवाल चुकीचा ठरतो."

"अरे, त्यांना आता काय फरक पडतोय?"

मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: माती अहवालाप्रमाणेच होती. नऊ मीटरनंतर ओढ मी वाढवली.

साहेबांनी दोनदा वाचलं. 'मी' वर त्यांचं बोट जरा थांबलं. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

"नोकरी जाईल लेका."

"जाईल."

एकोणीस वर्षांच्या संसारात तिचं बरोबर होतं हे मी एकदाही कबूल केलं नव्हतं. गाडीचा रस्ता असो की मुलीची शाळा, मी शेवटपर्यंत वाद घालायचो आणि गुपचूप तिच्या म्हणण्याप्रमाणे करायचो. आज पहिल्यांदा लेखी दिलं.

"वेळ लिहायची राहिलीय," साहेब म्हणाले, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली.