चढावरची खटखट

मामाने इंजिनावरची हवेची नळी बाजूला काढली, आत टॉर्च मारला आणि कपाळाला हात लावला.

"भावोजी, बघा हे! व्हॉल्व्ह आहेत की चुलीमागची भिंत?"

भावोजी स्टुलावरून उठले नाहीत. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा जाऊन वर्ष होत आलं, तरी गाडी ते रोज बाहेर काढत. काल ती सुरूच होईना, म्हणून मेहुण्याच्या गॅरेजात आणावी लागली.

"नुसती सुरू करून दे," ते म्हणाले. "बाकी काही करू नकोस."

"असं कसं? या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. व्हॉल्व्हला पाठीमागून लागतच नाही, मग धुतलं कसं जाणार? कार्बन साचतच जातो. त्यात तुम्ही कोपऱ्यापर्यंत जाणार आणि परत येणार. इंजिन तापायच्या आत बंद! बरं, पेट्रोल कुठलं भरता?"

"तो भरायचा तेच. साधं."

"झाकणावर लिहिलंय, जास्त ऑक्टेनचं भरा म्हणून. त्या चिक्कूने कधी ऐकलं नाही, म्हणून तर चढावर खटखट वाजायची. तुम्ही तरी..." मामाने टॉर्च विझवला. भाचा आता नाही, हे बोलण्याच्या भरात त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं.

बहिणीच्या घरी तो तेव्हापासून गेला नव्हता. ताईला आता काही आठवत नाही. ती मुलाची वाट बघते, एवढं त्याने ऐकलं होतं. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? मग सगळी माया त्याने इंजिनावरच ओतली. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारून व्हॉल्व्ह लखलखीत केले, औषध सोडून पिस्टनवरचा थर काढला, आणि वर टाकीभर उंची पेट्रोल स्वतःहून भरलं. भावोजींनी मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सांगणार तरी काय? गाडी बिघडलेलीच बरी म्हणून?

संध्याकाळी मामा हट्टाने त्यांच्यासोबत निघाला. घराजवळचा चढ गाडी अशी चढली, की इंजिन आहे की नाही कळू नये.

"लोणी!" मामा म्हणाला.

भावोजींनी गाडी खिडकीखाली उभी केली.

आत ताई खिडकीशी बसली होती. पुढ्यात ताट झाकलेलं.

"कोण आलं?"

"तो आला ना. गाडी नाही का ऐकलीस?" भावोजी म्हणाले.

"ही नव्हे त्याची. त्याची खोकत येते." तिने ताट दूर सारलं. "तो आल्याशिवाय मी जेवणार नाही."

भावोजींनी घास पुढे केला. तिने तोंड फिरवलं. पुन्हा केला, तेव्हा ती लहान मुलीसारखी रडायला लागली. भावाकडे तिने एकदा पाहिलं, पण ओळखलं नाही.

"रोज जेवते," भावोजी हळूच म्हणाले. "गाडी ऐकली की जेवते. मी एक चक्कर मारून येतो, मागच्या दाराने आत शिरतो. विचारलं तर सांगतो, हातपाय धुतोय. घास दोन घास खाल्ले की विसरते."

मामाने खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला. "ते परत बसवता येईल का रे? काढलंस ते?"

"नाही हो. ते आपलं आपणच साचतं. वर्षं लागतात."

ताई खिडकीबाहेर बघत होती. मग मामाने त्यांच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि तो बाहेर पडला.

कोपऱ्यावर त्याने बॉनेट उघडलं आणि एका सिलिंडरच्या स्पार्कची वायर काढून टाकली. इंजिन सुरू होताच गाडी थरथरायला लागली. जन्मभर त्याने असली इंजिनं दुरुस्त केली होती. चांगलं इंजिन हाताने बिघडवायची ही पहिलीच वेळ. मुद्दाम वरच्या गियरमध्ये, धापा टाकायला लावत त्याने ती चढावर घेतली. आवाज अगदी तस्सा नव्हता. देवा, चालू दे एवढा, असं म्हणत त्याने ती खिडकीखाली उभी केली.

"आला!" आतून ताईचा आवाज आला. "आला गं बाई एकदाचा."

खिडकीतून ती ताट जवळ ओढताना दिसली. मामाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडला.

"अहो, बाहेर काय बसलाय तो? आत ये म्हणावं."

"येतोय," भावोजी म्हणाले. "हातपाय धुतोय. तू जेव."

मामाने गाडी बंद केली. किती वेळ आत जायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.