खांद्यातली भेग

मित्रांनो, मी एक जुना नावाडी आहे. पण मी आयुष्यात एकदाही नाव चालवलेली नाही. मी ब्राँझचा पुतळा आहे. ज्या माणसासारखे मला घडवले, त्याने एका महापुरात आपल्या होडीतून एकशे बारा माणसे काठावर आणली. पुढच्या खेपेला गेला तो परत आलाच नाही. त्याची आठवण म्हणून गावाने नदीजवळच्या चौकात मला उभे केले. माझ्या उजव्या हातात वल्हे आहे. बुडणाऱ्याने धरावे म्हणून पुढे केलेले, लांबलचक आणि जड. माझ्या आयुष्यातली सगळी भीती त्या वल्ह्यापाशीच आहे.

मी तुकड्यातुकड्यांनी जन्मलो. धड वेगळे ओतले, हात वेगळा ओतला. माझा मूर्तिकार घाईत होता, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. हात धडाला जोडताना त्याने आतून लोखंडी कांब घालायला सांगितली. धातू ओतणारा म्हातारा ओतारी मान हलवत म्हणाला, "लोखंड नको. आत पाणी शिरलं तर गंजेल, फुगेल आणि खांदा फोडेल."

"चाळीस-पन्नास वर्षं तरी काही होत नाही," मूर्तिकार म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर आपण कुठे असणार आहोत?"

दोघेही हसले. मी मात्र तेव्हापासून घाबरलेला आहे. नंतर मी असणार होतो ना!

सुरुवातीची वर्षे कौतुकाची गेली. उद्घाटनाला नावाड्याची बायको आली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे फारसे पाहिले नाही. खाली वाकून माझ्या पायाचा अंगठा चाचपला आणि म्हणाली, "हा मात्र अगदी ह्यांचाच. असाच वाकडा होता. एक चप्पल धड टिकू दिली नाही त्यानं."

पुढे माझ्या वल्ह्याखाली दगडी बाक आला, बसथांबा आला आणि समोरची शाळा सुटली की मुले येऊ लागली. कधीतरी त्यांच्यात एक समजूत पसरली, वल्ह्याच्या टोकाला हात लागला की पेपर सोपा जातो. मोठी मुले उडी मारून लोंबकळत. लहानग्यांना ताई-दादा उचलून धरत. एखादा गणिताचा कच्चा गडी तर दोन-दोनदा लटकून घेई. मला ते फार आवडायचे.

हवापाण्याने मी हळूहळू कळंकलो, तांब्याच्या भांड्यासारखा हिरवा पडलो. लोकांना वाटले, पुतळा मळला. म्हणून दरवर्षी एक रंगारी येऊन मला सोनेरी तेलरंग देऊ लागला. सगळे त्याला रंगारीकाका म्हणत. माणूस भला होता. माझ्या कानामागची घरटी तो पिल्ले उडून जाईपर्यंत हलवत नसे. पण त्याच्या रंगाने एक घात केला. माझ्या टाचेला पाणी निघून जायला बारीक भोक होते, ते बुजले. मानेजवळच्या फटीतून पाणी आत येत राहिले आणि बाहेर जाईना.

एका दुपारी माझ्या खांद्यात 'कट्' असा आवाज झाला. कुणालाही ऐकू गेला नाही. भेग आधी केसाएवढी होती, मग दोऱ्याएवढी झाली. त्या दिवसापासून शाळेची घंटा झाली की माझा थरकाप उडे. मला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो. वल्ह्याला लटकणारे प्रत्येक मूल मला पाहावे लागे. त्यांचे वजन खांद्यात जाणवे. भेग कुरकुरे. मनात एकच धावा चाले, उतर रे बाळा, आता उतर. सुट्ट्या लागल्या की मला हायसे वाटे. चौक ओस पडावा असे वाटणारा मी एकटाच पुतळा असेन.

तीन वर्षांपूर्वी रंगारीकाकांना ती भेग दिसली. त्यांनी तीत नख घालून पाहिले. मग आजूबाजूला पाहिले. मला वाटले, सुटलो! पण ते खाली उतरले, शिडीच्या शेवटच्या पायरीवर जरा बसले आणि पुटपुटले, "जाऊ दे बाबा. सांगावं तर म्हणतील, तूच शिडी आपटली असशील. आपण रंगारी, आपण रंगाचं बघावं." त्यांनी भेगेत लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली, पत्र्याच्या पट्टीने गुळगुळीत केली आणि वर सोनेरी रंग दिला. माझा उरलासुरला धीर गेला. आता भेग होती, पण कुणालाही दिसणार नव्हती.

यंदा मला पन्नास वर्षे झाली. समारंभ ठरला. नगरपालिकेचे साहेब जुने पुतळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना घेऊन आले. "फक्त नजर टाका आणि सगळं ठीक आहे असं लिहून द्या," साहेब म्हणाले. रंगारीकाका बाजूला आपले डबे आवरत होते. रंग कालच देऊन झाला होता.

बाईंनी लाकडी हातोडीने मला पायापासून वाजवायला सुरुवात केली. पावलांशी आवाज बोदा आला; गुडघा, कंबर, छाती मात्र 'टण्ण' वाजली. मग शिडीवर चढून खांदा वाजवला, तर आवाज आला तो 'थप्प'. त्यांनी कान लावला.

"पायात पाणी साचलंय आणि खांदा आतून गंजलाय. हा हात धोक्याचा आहे. बसथांबा आत्ताच्या आत्ता हलवा, भोवती दोरी बांधा."

"अहो बाई, चार दिवसांवर कार्यक्रम आलाय! पन्नास वर्षं उभा आहे, आणखी चार दिवस उभा राहणार नाही का?"

"रंग खरवडू द्या, दाखवते."

"रंगाला हात लावायचा नाही. नुसत्या ठकठकीवर मी चौक बंद करू?"

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. फाटक उघडले आणि मुले धावत सुटली. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा होती, म्हणून सगळी माझ्याकडेच येत होती. पहिली मुलगी दप्तर टाकून उडी मारायला वाकली. माझ्या आत गंजलेली कांब करकरली. ओरडण्यासाठी मी सगळा जीव एकवटला. ओठ तसूभरही हलले नाहीत.

"मागे व्हा!" ओरडले ते रंगारीकाका. डबे सांडत ते धावले आणि वल्ह्याखाली हात पसरून उभे राहिले. "कुणीही लटकायचं नाही! साहेब, भेग आहे. मी तीन वर्षांपूर्वी पाहिली. मीच बुजवली. भ्यालो मी, बोललो नाही."

साहेब काही म्हणायच्या आत ते शिडीवर चढले आणि त्याच पट्टीने खांदा खरवडू लागले. सोनेरी पापुद्रे पडले, लांबीचा खडा निघाला आणि मागोमाग गंजाचे लाल पाणी वाहू लागले. भेगेत त्यांचे बोट आरपार गेले. बाई माझ्याभोवती दोरी ताणू लागल्या. तिचे दुसरे टोक धरायला साहेब स्वतः धावले.

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. मला वाटले, आता भंगार, आता भट्टी. तरीही पट्टा आवळला जाताना मी मनात म्हटले, न्या, पण लवकर न्या. पट्ट्याला ताण बसला मात्र, खांदा फुटला. वल्हे हातासकट खाली आले आणि रिकाम्या दगडी बाकाचे दोन तुकडे झाले.

मी भट्टीत गेलो नाही. समारंभ पुढे ढकलला गेला आणि बाईंच्या कारखान्यात मी पाच महिने आडवा होतो. रंगाचे एकोणीस थर निघाले. गंजकी कांब निघून न गंजणाऱ्या पोलादाची आली, हात पुन्हा जोडला गेला, टाचेचे भोक उघडले, पाठीला आत डोकावण्यापुरते झाकण बसले. अंगावर आता रंगाऐवजी मेणाचा पातळ थर असतो.

ते मेण चढवायला बाईंनी रंगारीकाकांनाच बोलावले. ते चाचरत म्हणाले, "मी गप्प बसलो होतो, बाई."

"आणि मग बोललात. दर महिन्याला झाकण उघडून बघायचं, आणि काहीही दिसलं तर बोलायचं. जमेल?"

त्यांनी मान डोलावली.

आता बसथांबा पलीकडे गेला आहे. माझ्याभोवती कठडा आहे, त्यावरून मुले थोडी रुसलीही. माझी भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. घंटा झाली की खांदा अजून आपोआप आवळतो. वाटते, कुठेतरी एखादा जिना, एखादा कठडा, एखादा झोपाळा माझ्यासारखाच आतून तडकत उभा असेल आणि वरून छान रंगवलेला असेल.

मित्रांनो, आम्हाला चकाकी नसली तरी चालेल. अधूनमधून जवळ येऊन आम्हाला वाजवून बघा. आणि भेग दिसली तर आधी कुणाला तरी सांगा, मग बुजवा. आमची तोंडे धातूची आहेत, तुमची नाहीत.