सासरचं नाव

आमच्या शकुला शकु म्हटलेलं चालत नाही. मी तिची सख्खी थोरली बहीण, वनमाला, तरी मलासुद्धा नाही. लग्नात दत्तारामने तांदळात अंगठीने ‘अनुपमा’ लिहिलं, तेच नाव तिने घट्ट धरलंय. डोक्यातले आवाज तिला शकु म्हणूनच शिव्या घालतात ना! शकु घाणेरडी, शकु मर. डॉक्टर याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, ते शकुला शोधतायत. अनुपमा त्यांना माहीत नाही."

सासरच्यांनी वाकोल्याहून तिला भांडुपला आमच्याकडे आणून सोडली ती सोडलीच. बाबांची गिरणी संपात गेलेली, त्यात हे. त्या लोकांनी ठेवलेलं नाव घ्यायचं म्हणजे माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. पण अनुपमा म्हटलं की ती जेवायची, वेणी घालून घ्यायची, गोळी गिळायची. मग काय करता? शेजारच्या रुक्मिणीकाकूंनाही मी बजावून ठेवलं होतं, शकु म्हणाल तर याद राखा.

गेल्या साली दत्तारामने काडीमोड घेतला, यंदा दुसरं लग्न केलं. आम्ही तिला कळू दिलं नव्हतं. पण परवा मंजुळामावशी आली, आणि तिच्या तोंडाला कुठलं आलंय कुलूप! म्हणे, नव्या सुनेचं नावही अनुपमाच ठेवलं. बाबांनी दिलेली स्टीलची भांडी सासूकडेच आहेत, सगळ्यांवर ‘सौ. अनुपमा’ घातलेलं, ते कशाला फुकट घालवायचं? मेलीला सुनेपेक्षा पातेली मोलाची झाली. मी मावशीला डोळ्यांनी दटावलं, पण शकु मोरीच्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर तिने हसून विचारलं, "म्हणजे अनुपमा घरी पोचली?"

मीच कसंबसं हो म्हटलं.

"बरं झालं बाई. मला काळजीच होती तिची." मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत म्हणाली, "पण ताई, मग ही इथे कोण आहे गं?"

मला रडूच कोसळलं. मावशी चहा न घेताच निघून गेली. संध्याकाळी मी शकुचं ताट वाढलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. शकु म्हणावं तर ती कानांवर हात ठेवणार. अनुपमा तर सासरी गेलेली. ताट हातात धरून मी तशीच उभी राहिले, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आता ताई काय म्हणते म्हणून.