ओल्या भिंतीचा फोटो

नगरपालिकेच्या छायाचित्र विभागात मी एकटीच बाई होते. शहरातल्या जुन्या इमारतींवरची भित्तिचित्रं टिपून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिडीवर चढणं बाकीच्यांच्या जिवावर यायचं. जुन्या टपाल कचेरीच्या भिंतीवरच्या नावाड्यांच्या चित्राचा फोटो तेव्हाचा. पुढे तो पुस्तकांत छापला, कॅलेंडरवर आला. त्यातल्या नदीच्या निळ्या पाण्याचं जो तो कौतुक करी आणि मी ते निमूट पदरात पाडून घेई.

मागच्या महिन्यात एक मुलगी घरी आली. जुनी चित्रं दुरुस्त करणारी. नदीचा बराच भाग झडून गेला होता, तो माझ्या फोटोवरून पुन्हा रंगवायचा होता. तिनं रंग लावलेल्या पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"आजी, हा निळा जुळतोय ना? सोमवारी कामाला हात घालतेय."

तंतोतंत जुळत होता. मी चहाचा कप बाजूला सारला.

ती गेल्यावर मी यांना म्हटलं, "तिला सांगायला हवं."

"काय?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"भिंत ओली होती ते."

त्या काळी आम्ही सगळेच तसं करायचो. धुळीनं मंदावलेल्या रंगावर पाणी मारलं की तो घटकाभर उजळतो, तेवढ्यात फोटो घ्यायचा. मी तीन बादल्या मारल्या होत्या, त्यातल्या दोन नदीवरच.

"गाडलेली मढी कशाला उकरतेस?" हे म्हणाले. "तेवढा एक फोटो तर तुझ्या नावावर आहे."

"म्हणून तर. माझ्यापायी भिंत खोटी व्हायला नको."

"मग उपाशीपोटी जा. तिथं पोटभर बोलणी खायची आहेत."

सोमवारी सकाळी परांचीखाली उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. तिनं कुंचला खाली ठेवला आणि झडलेल्या भागावरून बोटं फिरवली.

"म्हणजे नदीच का झडली, तेही कळलं," ती हळूच म्हणाली.

तिनं बोटांना लागलेली भुकटी झटकली.

"कोरड्या भिंतीचा फोटो आहे?"

"नाही गं. कोरडी चांगली दिसत नव्हती."

"मग आठवा. तुमच्या लक्षात सगळं राहतं म्हणतात. पाणी मारायच्या आधी नदी कशी होती?"

मी डोळे मिटले. शिडीची डुगडुगणारी पायरी आठवली. टाचेला चावलेली नवी चप्पल आठवली. खाली उभं राहून सूचना करणारा पोस्टमन, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण, सगळं आलं. नदीकडे वळले की मात्र फोटोतलाच निळा पुढे येई. मी पुन्हा पुन्हा वळून पाहिलं. इतकी वर्षं आपल्याला भिंत आठवते अशा समजुतीत मी होते.

तिनं एक राखाडी पट्टी पुढे केली. "असा असेल?"

हो म्हटलं असतं तर दोघीही सुटलो असतो.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मग सगळ्या पट्ट्या गोळा करून तिनं चुन्याचं घमेलं जवळ ओढलं. "झडलंय तेवढं कोरंच ठेवते," म्हणाली आणि परांचीवर चढली.

मी समोरच्या पायरीवर बसून राहिले. दुपारपर्यंत नावाडी पांढऱ्या भिंतीत वल्ही मारू लागले होते.