जादाची पँट

मी बोलतेय, खेळाच्या बाईंच्या पिशवीतून. तळाशी, पाण्याच्या बाटलीखाली कोंबलेली काळी पँट ती मीच. दुकानातून आम्ही दोघी जुळ्या बहिणी एकदमच आलो. ती बाईंच्या अंगावर मिरवते आणि मी मात्र जादाची! दोघी सारख्या, म्हणजे मधल्या सुट्टीत पँट बदलली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

कारण सांगते, पण हसू नका. बाळंतपणात बाईंच्या ओटीपोटाखालच्या स्नायूंना इजा झाली. तेव्हापासून शिंक आली की थोडी लघवी सुटते. हसलं तरी तेच, शिट्टी फुंकली तरी तेच! दोरीवरच्या उड्यांना तर सहा वर्षं रजा. मुलं बोलवायची, "बाई, या ना!" बाई म्हणायच्या, "गुडघा दुखतोय रे." बिचारा गुडघा ठणठणीत होता.

व्यायाम करून झाले, फरक जेमतेम. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढू, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवू आणि इजेच्या जागी टोचू. पण हे अजून चाचणीत आहे हं. गुण येईलच असं नाही."

सासूबाई फणकारल्या, "बायकांचं हे चालायचंच. आम्ही कुठं बोभाटा केला?"

बाईंनी तरीही टोचून घेतलं. पहिले दोन महिने मला उसंत नव्हती. चौथ्या महिन्यात मात्र कुणी हातच लावेना. खरं सांगते, मला धडकी भरली. काम नाही म्हणजे आता माझं फरशी पुसायचं फडकं होणार!

परवा सकाळी बाईंनी मला बाहेर काढलं, इस्त्री केली आणि घातलं. चक्क सकाळी! पिशवीत नुसती बाटली.

मैदानावर हाक आली, "बाई, या ना!" बाई दोरीत शिरल्या. मी जीव मुठीत धरला. अकराव्या उडीला पाय अडकला, बाई आपटल्या आणि बसल्या जागी खदाखदा हसत सुटल्या. मी कोरडी ठणठणीत! गुडघा तेवढा खरंच दुखावला.

घरी बाई मैदानावरची गंमत सांगत होत्या आणि सासूबाई माझ्यावरची माती झटकत होत्या. "एवढं हसलीस, आणि काहीच झालं नाही?"

"काहीच नाही, आई."

माती संपली तरी त्या झटकतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं चाळीस वर्षं चाललंय गं. त्या डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्यांना तपासतात का?"

तुमच्याही पिशवीच्या तळाशी अशी एखादी जादाची असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. आम्हालाही सकाळी इस्त्री होऊन घराबाहेर पडायला आवडतं.