मुसळाला पाचवा हात

विट्याजवळच्या वाडीत स्वप्नालीची हळद होती. पाच सवाष्णी मुसळाला हात लावणार होत्या आणि पाचवा हात आपलाच, असं तिच्या चुलतीनं, दीपमालानं, महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. का ठरवू नये? एकोणीस वर्षं ही बाई कुणाच्या हळदीला बसली नव्हती. बाळंतपणात आतून फाटली ती फाटलीच, शी आवरेना. पोट बिघडलंय म्हणत ती प्रत्येक कार्यातून मागच्या दारानं पळायची आणि बाया नाकाला पदर लावायच्या.

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या डॉक्टरांनी तिला आत कृत्रिम कडं बसवलं. त्यातला सोनोग्राफीचा इवलासा तुकडा आतडं किती भरलंय ते बघतो आणि कमरेच्या डबीला कळवतो. डबी थरथरली की जायचं, बटण दाबलं की कडं सैल पडतं. तपासणीला दर महिन्याला सांगलीला, सोनोग्राफीच्या खोलीत. नवऱ्याला तिनं फोनवर सगळं सांगितलं, गावात मात्र कुणाला नाही. तिथंच चुकलं.

कारण सोनोग्राफी म्हटलं की आमच्याकडं एकच अर्थ. गावातल्या कुणीतरी तिला त्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं आणि नवरा अर्जुना तर कोइमतूरला, सोनं गाळायच्या गलाई धंद्यात! बायांनी लगेच बोटांवर महिने मोजले.

हळदीला दीपमालानं हात पुढं केला, तशी थोरल्या जावेनं, हरणाबाईनं, मुसळ मागं ओढलं.

"तू नगं. अर्जुना दसऱ्यापास्नं घरी न्हाई आन तू सोनोग्राफी करत फिरतीस. पोरीच्या हळदीला डाग नगं."

दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"पोटात पोर न्हाई आक्का, मशीन हाय! एकोणीस वर्सं मला शी आवरत नव्हती. आता आवरती. ऐकलं का समद्यांनी?"

आणि नेमकी तेव्हाच डबी थरथरली. पूर्वीची दीपमाला तोंड लपवून घर गाठती. ही उठली आणि भर मांडवात म्हणाली, "मला बोलावणं आलंय. जाऊन येती. माझ्या जागंवर कुणी बसायचं न्हाई."

पुढच्या दारानं, बायांच्या मधून, ती सावकाश गेली.

हातपाय धुऊन परतली तेव्हा जागा रिकामीच होती. मुसळ स्वप्नालीनं स्वतः तिच्या हातात दिलं.

हरणाबाई शेजारीच बसली होती. तीन वर्षं ती माहेरी गेली नव्हती. एसटी लागते म्हणायची, जशी दीपमाला पोट बिघडलंय म्हणायची. चार घाव पडल्यावर ती दीपमालाच्या कानाशी लागली.

"सांगलीची गाडी सकाळी कितीला असती गं?"

दीपमालानं तिच्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि राग तरीही गेला नाही.

"मोठ्यानं इचारा आक्का," ती म्हणाली. "आणखीबी कुणाला जायचं आसंल."